सूचनेची पोच आणि पैशाचा पत्ता: महापालिकांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मा. महापौर, मा. अध्यक्ष (स्थायी समिती) आणि प्रभाग समित्यांचे सर्व सभासद,
महाराष्ट्रातील महानगरपालिका

विषय: प्रभागातील रस्ते, पदपथ, गटारे आणि पाण्याच्या कामांवर होणाऱ्या खर्चात रहिवाशांचे म्हणणे

महोदय, महोदया,

अर्थसंकल्पाचे दिवस आले की अनेक महापालिका एक निवेदन काढतात. नागरिकांनी आपल्या सूचना अमुक तारखेपर्यंत अमुक ईमेलवर पाठवाव्यात. मुदत थोड्या दिवसांची असते. तोवर खातेप्रमुखांच्या मागण्या लेखा विभागाकडे पोचलेल्या असतात, चालू कामांचे दायित्व, म्हणजे त्यांवर अजून द्यायची रक्कम, काढून झालेले असते आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक छपाईच्या वाटेवर असते. अशा वेळी आलेली 'आमच्या गल्लीतले गटार तुंबते' ही सूचना कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदराखाली, घ्यायची, हे ती उघडणाऱ्या लिपिकालाही सांगता येणार नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. पुढच्या वर्षी तेच निवेदन पुन्हा निघू नये, म्हणून हे पत्र.

पत्र लिहिणारे आम्ही करदाते आहोत, आणि कामे करून घेण्याच्या बाजूनेही हा कारभार ओळखणारे आहोत. काम चुकले की त्याची किंमत आम्हालाच मोजावी लागते. रस्त्याची पातळी उंबऱ्याच्या वर गेली तर पावसाचे पाणी तळमजल्यात शिरते. पदपथ फुटला की म्हातारी माणसे आणि शाळेची मुले गाड्यांच्या मधून चालतात. नवी जलवाहिनी टाकून बुजवलेला चर पहिल्या पावसात खचला, तर त्यात जाणारे चाक आमचेच असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रभागातला पैसा चार जागी ठरतो: पूर्वगणनपत्रकात (कामाच्या बाबी आणि अंदाजित खर्च मांडणारा कागद), लेखाशीर्षात, वर्गीकरणात (एका कामाची तरतूद दुसरीकडे वळवणे) आणि मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंदवही). या चारपैकी एकाही जागी रहिवाशाला प्रवेश नाही. सूचना मात्र पाचव्याच जागी मागवल्या जातात, जिथे काहीच ठरत नाही.

कायद्यात हे असे नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे अनुच्छेद २४३ एस सांगतो. राज्याच्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात त्यासाठी कलम २९ अ आले, आणि मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही तशी तरतूद झाली. प्रभागातल्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यावर विचार करून शिफारस करणे हे प्रभाग समितीचे काम म्हणून तिथे लिहिलेले आहे. चर्चा आधी प्रभागात आणि अंदाजपत्रक नंतर मुख्यालयात, असा हा क्रम आहे. समितीत नगरसेवकांसोबत मान्यताप्राप्त स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, आणि ते त्याच हद्दीतले मतदार असावे लागतात. पुढे २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदान केंद्रांच्या हद्दीवर आधारलेली, तिथल्या सर्व मतदारांची ही सभा. गावात ग्रामसभा असते, शहरात असे काही नाही, ही तक्रार त्या दुरुस्तीने कागदावर तरी मिटवली.

कागद सोडून खाली पाहिले की चित्र बदलते. संस्थांच्या जागा कित्येक ठिकाणी रिकाम्या राहतात, नाहीतर निवडणुकीत तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय म्हणून भरल्या जातात. क्षेत्रसभा तर बहुसंख्य मतदारांनी ऐकलेलीही नाही. २०२२ पासून राज्यातल्या मोठ्या महापालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवकच नव्हते, त्यामुळे प्रभाग समितीत बसायला अधिकाऱ्यांखेरीज कोणी उरले नाही. त्या काळात रहिवाशांनी प्रशासनाशी थेट बोलायची सवय लावून घेतली. सभागृह आल्यावर ती मोडू नये.

आता तक्रारी.

पहिली, वेळेची. पाणी कुठे तुंबते ते जुलैत दिसते, आणि तुम्ही विचारता जानेवारीत. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करायला सुरुवात केली. तिथे पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात छापील अर्ज घेण्याची पद्धत पडली, एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठेवली गेली आणि प्रभागाला ठरावीक निधी राखून ठेवला गेला. त्या पद्धतीत उणिवा आहेत, पुढे त्यांच्याकडे वळूच. पण वेळ योग्य आहे. अर्ज पावसाळ्यात घेतले तर कनिष्ठ अभियंत्याला जागेवर जायला, पूर्वगणनपत्रक करायला आणि प्रभाग समितीपुढे यादी ठेवायला तीन महिने मिळतात.

दुसरी, पत्त्याची. अंदाजपत्रकाचे कोणतेही पुस्तक उघडा. 'प्रभाग क्रमांक अमुकमध्ये विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार पदपथ दुरुस्त करणे.' 'विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार' हे तीन शब्द आमच्या मते महापालिकेच्या अंदाजपत्रकातले सर्वांत महाग शब्द आहेत. कोणत्या रस्त्याला, कुठून कुठपर्यंत, किती लांबी, किती रुंदी, काय थर, यातले काहीच त्यात नसते. मग काम झाले की नाही ते तपासायचे कशाशी ताडून? एकच पदपथ दोन लेखाशीर्षांतून, एकदा पथ विभागाच्या आणि एकदा वॉर्डस्तरीय निधीतून झाला, तर ते पकडायला कोणत्याच कागदावर जागेचे नाव सापडत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक यंत्रणेला दिलेली तरतूद, नियोजित खर्च आणि झालेला खर्च मागितल्याशिवाय जाहीर करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. जागेचे नाव नसलेली तरतूद जाहीर केली तरी त्यातून कळत काहीच नाही.

तिसरी तक्रार पूर्वगणनपत्रकाची. इथे जास्त थांबावे लागेल, कारण काम बिघडते ते बहुतेक वेळा ठेकेदाराच्या आधी, कागदावर.

डांबरी रस्ता घ्या. जुना थर न खरवडता त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसाच. तीन वेळा असे झाले की रस्ता १२० मिलिमीटर वर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मग उरली ती ३० मिलिमीटर. पावसाळी गटाराच्या जाळ्या खड्ड्यात जातात, चेंबरची झाकणे खाली राहतात, आणि पुढच्या वर्षी 'चेंबर रस्त्याच्या पातळीला आणणे' असे वेगळे काम निघते. खरवडण्याची बाब पहिल्याच पूर्वगणनपत्रकात घातली असती तर तो प्रश्न आला नसता. ती घालत नाहीत, कारण ती घातली की त्याच पैशात लांबी कमी बसते, आणि उद्घाटनाच्या फलकावर लांबी छापायची असते.

पदपथ घ्या. साठ मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक चालणाऱ्या माणसांसाठी ठीक आहेत. सोसायटीच्या फाटकासमोर, जिथे रोज गाड्या आत-बाहेर करतात, तिथे ८० मिलिमीटरचे लागतात. खाली २० ते ४० मिलिमीटरचा वाळूचा थर, त्याखाली नीट दाबलेला पाया आणि कडेला पक्का दगड किंवा कर्ब. कडेचा आधार नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते आणि पदपथ लाटांसारखा होतो. शिवाय १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असेल तर झाड, विजेचा डीपी बॉक्स आणि जाहिरातीचा खांब यांची जागा वजा करून मोजायला हवे. रस्त्याच्या नकाशावर पदपथ दोन मीटरचा असतो. जागेवर व्हीलचेअर डीपी बॉक्सजवळ अडते.

गटार घ्या. वरच्या बाजूला ३०० मिलिमीटरचा पाइप काढून ४५० चा टाकला आणि खालच्या चौकात जुना ३०० चाच राहिला, तर पाणी आता त्या चौकात तुंबणार. नव्या पाइपचा शेवट पुढच्या चेंबरच्या तळापेक्षा खाली गेला तर पाइपमध्ये कायमचे पाणी आणि गाळ साचणार. यासाठी लेव्हल घेणे, म्हणजे सुरुवातीपासून विसर्गापर्यंत उतार मोजणे, याला पर्याय नाही. खोदून बुजवताना माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत दाबायची असते. एकदम ओतून वर डांबर मारले की चर पावसाळ्यात खचतोच. पूर्वगणनपत्रकात थराथराने दाबण्याची बाब नसेल तर ठेकेदाराला दोष देऊन काय उपयोग?

आणि पुण्याच्या पद्धतीतल्या पाच लाखांच्या मर्यादेविषयी. अशा कामांवर जुलै २०२२ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. पाच लाखांतून तो वजा केला की प्रत्यक्ष कामाला साधारण ४ लाख २४ हजार उरतात. राडारोडा उचलणे, सेवावाहिन्या हलवणे आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या त्यातच. हे गणित अर्जावर छापलेले नसते, म्हणून रहिवासी अख्ख्या रस्त्याचे काँक्रिटीकरण मागतात आणि अर्ज 'निधीच्या मर्यादेत बसत नाही' म्हणून बाजूला पडतो. मर्यादेत बसणारे काय असते ते सांगितले असते, तर त्यांनी फक्त चौकातल्या वळणांवरचा रस्ता सपाट करून मागितला असता.

यावर उपाय खर्चिक नाही. पूर्वगणनपत्रक करण्यापूर्वी एक संयुक्त पाहणी करा: कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागाचा एकेक माणूस, आणि त्या रस्त्यावरचे चार-पाच रहिवासी. पावसात पाणी कोणत्या बाजूने येते, कोणत्या चेंबरमधून वर येते, कोणत्या वळणावर गाडी घसरते, हे त्यांना ठाऊक असते. कोणता विभाग पुढच्या वर्षी तिथे खोदणार आहे, ते तुमच्या माणसांना ठाऊक असते. दोघे एकत्र उभे राहिले तर काँक्रीट ओतल्यावर सहा महिन्यांनी जलवाहिनीसाठी ते फोडण्याची वेळ येणार नाही.

चौथी तक्रार वर्गीकरणाची. अंदाजपत्रक मंजूर होते, जाहीर होते, त्यावर बातम्या येतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एकामागून एक प्रस्ताव येतात: अमुक लेखाशीर्षातली तरतूद तमुक कामासाठी वर्गीकरणाने उपलब्ध करून देणे. वर्गीकरण मुळात वाईट नाही. भिंत कोसळली, वाहिनी फुटली, तर पैसा हलवावाच लागतो. पण रहिवाशांनी सुचवलेल्या गटाराची तरतूद कमान, म्युरल किंवा बाकड्यांकडे जाते तेव्हा ते सुचवणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. विषयपत्रिकेत प्रस्तावाची एक ओळ असते, मंजुरी मिनिटभरात मिळते. आमच्या अनुभवात प्रभागातल्या प्राधान्यक्रमाला सर्वांत जास्त तडा इथेच जातो. पहिली जागा पूर्वगणनपत्रकाची असली तरी, दार उघडायचे झाले तर आधी वर्गीकरणाचे उघडा.

याला जोडूनच निविदेतल्या बचतीचे. निविदा अंदाजित दरापेक्षा २० टक्के कमी आली तर ती रक्कम कुठे जाते? आमचे म्हणणे आहे की ती त्याच प्रभागाच्या यादीतल्या पुढच्या कामाला जावी आणि तसे जाहीर व्हावे. (फार कमी दराच्या निविदेत काम कसे होते हा वेगळा विषय आहे. थराची जाडी तपासली की त्याचे उत्तर मिळते.)

पाचवी, मार्चची. एप्रिलमध्ये तरतूद, मे महिन्यात पूर्वगणनपत्रक, जून ते सप्टेंबर पाऊस, दिवाळीच्या आगेमागे निविदा, जानेवारी-फेब्रुवारीत कार्यादेश आणि ३१ मार्चला बिल. काँक्रीटला १४ दिवस पाणी मारावे लागते, सांधे साधारण २४ तासांच्या आत कापावे लागतात. मार्चच्या उन्हात, बिलाच्या घाईत, यांपैकी एक तरी राहून जाते, आणि आडव्यातिडव्या भेगा पडतात. शिवाय याच काळात मोठ्या कामाचे तुकडे पडतात. एकाच रस्त्याची तीन कामे, प्रत्येक ई-निविदा सक्तीची होते त्या रकमेच्या जरा खाली. तीन तुकड्यांचे तीन ठेकेदार, आणि दोन जोड जिथे रस्ता पहिल्यांदा फुटतो.

सहावी तक्रार मोजमाप पुस्तिकेची. बिल निघते ते त्या पुस्तिकेतल्या नोंदीवर: लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो. रहिवाशाने लांबी-रुंदी टेपने मोजली तरी जाडी मोजता येत नाही, असे म्हणतात. येते. दीडशे मीटर लांब, तीन मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ६७.५ घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरच्या मिक्सर गाड्या धरल्या तर बारा खेपा. जाडी १२ सेंटिमीटर केली तर ५४ घनमीटर आणि नऊ खेपा. प्रत्येक गाडीबरोबर चलन, म्हणजे किती माल आला त्याची पावती, येते. बिलाला ती चलने जोडा आणि ती पाहू द्या. एवढे केले की २० टक्के काँक्रीट कुठे गेले हा प्रश्न आपोआप मिटतो. गाडले जाणारे काम, म्हणजे पाइप आणि त्याखालचा थर, बुजवण्यापूर्वी फोटो घेऊन त्यावर तारीख आणि साखळी अंतर (कामाच्या सुरुवातीपासूनचे अंतर) लिहा.

दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, कामाच्या फलकावर नसते. असली तरी फलक काम संपायच्या आत नाहीसा होतो. मग त्या मुदतीतच पडलेला खड्डा महापालिकेच्या पैशांनी बुजवला जातो. रस्ते खोदणाऱ्या कंपन्यांकडून तुम्ही खोदाई शुल्क घेता. ते पैसे त्याच रस्त्यावर परत आले का, हेही प्रभागवार कळू द्या.

इथे आमच्या बाजूचेही बोलायला हवे. रहिवाशांच्या सूचना नेहमी शहाणपणाच्या असतात असे नाही. एकाच सोसायटीचे पन्नास अर्ज येतात, सगळे एकाच बागेतल्या बाकड्यांसाठी. पेव्हर ब्लॉक चांगले असताना रंग जुना झाला म्हणून बदलून मागितले जातात. ज्यांना अर्ज भरायला वेळ आहे, ईमेल आहे आणि ज्यांचा फोन नगरसेवक उचलतो, त्यांच्याच गल्ल्या दोनदा होतात. शेजारच्या वस्तीत सार्वजनिक नळाला चौथरा नसतो, पण अर्जही नसतो. पुण्यातल्या पद्धतीचीही हीच उणीव. अर्ज मोजून पैसे वाटले तर हे असेच होणार.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये नागरिक सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले तेव्हा हा धोका ओळखला होता. तिथे शहराचे विभाग पाडले. कोणत्या विभागाला किती पैसा, हे लोकसंख्या, त्या सुविधेची तिथली कमतरता आणि त्या विभागाने स्वतः ठरवलेला प्राधान्यक्रम, अशा निकषांना गुण देऊन ठरवले गेले. कमतरता जास्त तर गुण जास्त. आपल्याकडे प्रत्येक प्रभागाला सारखी रक्कम देण्याला न्याय समजले जाते. पदपथच नसलेल्या प्रभागाला आणि तिसऱ्यांदा पदपथ बदलणाऱ्या प्रभागाला सारखेच देणे आम्हाला न्याय वाटत नाही.

म्हणून आम्ही आमच्याकडून काय करणार आहोत ते आधी सांगतो. हे पत्र वाचणाऱ्या इतर रहिवाशांनीही तसेच करावे. यापुढे आमची प्रत्येक सूचना अशी असेल: रस्त्याचे नाव, सुरुवात आणि शेवटाची खूण, टेपने मोजलेली लांबी-रुंदी, पावसात आणि उन्हात काढलेला प्रत्येकी एक फोटो, अडथळ्यांची यादी (झाड, डीपी, चेंबर), आधीचे काम कधी झाले त्याची माहिती मिळाल्यास ती, कोणत्या विभागाचे काम आहे ते, आणि त्या रस्त्यावरच्या किमान काही घरांच्या सह्या, ज्यांत भाडेकरूही येतील. एका अर्जात एकच काम. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात देऊन आवक क्रमांक घेणार. तोंडी सांगितलेले आणि व्हॉट्सॲपवर टाकलेले काम आम्ही सुचवलेले धरणार नाही, तुम्हीही धरू नका.

त्यानंतर कागद. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. मागायचे ते नेमके: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चाचणी अहवाल, अदा केलेली बिले आणि दोषदायित्वाची अखेरची तारीख. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की काहीच मिळत नाही. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला. ज्या कार्यालयात त्या वेळी 'साहेब मीटिंगला गेलेत' हेच उत्तर मिळते, तिथे आम्ही ते लेखी मागू.

आता मागण्या.

१. प्रभागातल्या कामांच्या सूचना जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. सप्टेंबरमध्ये संयुक्त पाहणी, ऑक्टोबरमध्ये पूर्वगणनपत्रक, नोव्हेंबरमध्ये प्रभाग समितीची शिफारस. आयुक्तांचे अंदाजपत्रक त्यानंतर.

२. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या आणि ती घेतली किंवा नाकारली ते कारणासह संकेतस्थळावर लावा. 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे कारण नव्हे. रुंदी कमी आहे, जागा महापालिकेची नाही, वाहिनी आडवी येते, असे लिहा.

३. 'विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार' ही शब्दरचना भांडवली कामांच्या तरतुदीत बंद करा. तातडीच्या दुरुस्तीसाठी एक लहान, वेगळे लेखाशीर्ष ठेवा आणि त्यातून झालेल्या कामांची जागेसह यादी दर महिन्याला द्या.

४. नागरिकांच्या यादीतल्या कामाची तरतूद वर्गीकरणाने काढायची असेल तर किमान १५ दिवस आधी प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर सूचना लावा. सुचवणाऱ्याला कळवा. तरतूद कुठून कुठे, किती, का, या चार गोष्टी त्यात असाव्यात. आपत्तीचा अपवाद आम्हाला मान्य आहे, नंतर आठ दिवसांत खुलासा द्या.

५. पूर्वगणनपत्रक निविदेपूर्वी जाहीर करा. एकाच रस्त्याची कामे तोडून काढू नका. काढावी लागली तर कारण नोंदवा.

६. शेवटचे बिल देण्यापूर्वी रहिवाशांसमक्ष मोजणी करा. त्यांची सही बंधनकारक नको, ती नगरसेवकाच्या शिफारशीसारखी अडवणुकीची जागा होईल. हजेरी आणि हरकत नोंदवण्याची सोय पुरे. मोजमाप पुस्तिकेची पाने, चलने आणि चाचणी अहवाल बिलासोबत स्कॅन करून लावा.

७. दोषदायित्वाची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि उपअभियंत्याचा दूरध्वनी रस्त्यावर कायमस्वरूपी रंगवा. त्या मुदतीतल्या दुरुस्तीवर महापालिकेचा खर्च दाखवला गेला तर तो वसूल करा.

८. प्रभाग समितीतल्या संस्थांच्या जागा जाहीर अर्ज मागवून भरा. त्यात वस्ती पातळीवरची एक तरी संस्था असावी. समितीच्या बैठकीची तारीख आणि विषयपत्रिका आधी, आणि इतिवृत्त नंतर आठ दिवसांच्या आत जाहीर करा. क्षेत्रसभा वर्षातून किमान दोनदा घ्या, त्यातली एक पावसाळ्यात.

९. प्रभागनिहाय निधीचे वाटप कमतरतेच्या निकषावर करा आणि तो निकष आकड्यांसह प्रसिद्ध करा: किती किलोमीटर रस्त्याला पदपथ नाही, किती घरांना बंद गटार नाही, किती नळांना दाब पुरत नाही.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला एक रुपयाही लागत नाही, आणि त्यासाठी शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आयुक्तांच्या एका कार्यालयीन परिपत्रकावर त्या सुरू होऊ शकतात. पहिली, सहावी आणि आठवी येत्या आर्थिक वर्षापासून. नवव्या मागणीला सर्वेक्षण लागेल, त्याला एक वर्ष घ्या.

या पत्राची प्रत प्रत्येक प्रभाग कार्यालयात आवक करून देत आहोत. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, हे स्थायी समितीच्या पुढच्या सभेपूर्वी लेखी कळवावे.

आपले,
प्रभागांतील करदाते व रहिवासी